मंदीतले मृत्यू आणि तेजीतले मृत्यू

पैसा आटला की माणसं जास्त मरतात, हे आपल्याला इतकं उघड वाटतं की त्यासाठी कुणी पुरावा मागत नाही. अभ्यासकांमध्ये मात्र या प्रश्नावर शंभर वर्षं वाद चालू आहे, आणि त्यातली एक बाजू पहिल्यांदा ऐकणाऱ्याला चक्क विक्षिप्त वाटते. खालच्या संवादातले काका संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेले आहेत. त्यांची पुतणी मुक्ता यवतमाळ जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी आहे. दोघंही काल्पनिक, त्यांच्या तोंडची आकडेवारी मात्र खरी.

काका : मुक्ता, एक कोडं घालतो. अमेरिका, १९२९. ऑक्टोबरात शेअर बाजार कोसळला. पुढच्या चार वर्षांत हजारो बँका बुडाल्या आणि दर चार कामगारांमागे एक बेकार झाला. या काळात तिथला मृत्यूदर किती वाढला असेल?

मुक्ता : तुम्ही विचारताय म्हणजे वाढला नसणार.

काका : घटला! १९२९ मध्ये तो हजारी ११.९ होता, १९३३ मध्ये १०.७ झाला. हजार जन्मांमागे ६७ हून अधिक तान्ही मुलं दगावत होती, ती संख्या ५८ वर आली. सरासरी आयुर्मान १९२९ मध्ये ५७.१ वर्षं होतं, १९३३ मध्ये ते ६३.३ वर पोचलं. होसे तापिया ग्रानादोस आणि आना दिएझ रू या दोन संशोधकांनी २००९ मध्ये हे आकडे नव्याने मांडले. आत्महत्या तेवढ्या वाढल्या होत्या, पण एकूण मृत्यूंत त्यांचा वाटा दोन टक्क्यांहूनही कमी.

मुक्ता : तुम्ही मोजायला १९२९ पासून सुरुवात केलीत, तिथेच मेख आहे. १९२८-२९ च्या हिवाळ्यात इन्फ्लुएन्झाची मोठी साथ येऊन गेली होती. वाईट वर्ष पाया धरलं की पुढचं प्रत्येक वर्ष बरंच दिसणार. दुसरं, मृत्यूनोंदणीच्या राष्ट्रीय क्षेत्रात टेक्सास आलं तेच मुळी १९३३ मध्ये. म्हणजे सुरुवातीच्या आणि शेवटच्या आकड्यांत मोजलेली माणसंही तंतोतंत तीच नाहीत. आणि तिसरं, नळाचं शुद्ध पाणी, पाश्चराइज केलेलं दूध, गटारं ही कामं आधीच्या वीस-तीस वर्षांत झाली होती. त्यांचं श्रेय मंदीच्या पदरात कशाला टाकता?

काका : तिन्ही आक्षेप रास्त आहेत. म्हणूनच आम्ही एखादं वर्ष धरून बसत नाही. मृत्यूदराचा दीर्घकाळचा उतार बाजूला काढायचा आणि त्याच्यावरचे चढउतार तेवढे पाहायचे. त्या काळात मृत्यूदर वर गेला तो १९२३, १९२६, १९२९ आणि १९३६-३७ मध्ये. ही सगळी तेजीची वर्षं. शिवाय हा शोध महामंदीनंतरचा नाही. विल्यम ऑगबर्न आणि डोरोथी थॉमस यांनी १९२२ मध्येच दाखवलं होतं की व्यापार भरात असतो तेव्हा मृत्यू वाढतात. पुढे २००० साली ख्रिस्तोफर रूम यांनी १९७२ ते १९९१ या काळातली अमेरिकी राज्यांची आकडेवारी तपासली. बेकारीचा दर एका टक्का-बिंदूने वाढला की एकूण मृत्यू साधारण अर्ध्या टक्क्याने घटतात, असं त्यांना आढळलं. आत्महत्या मात्र तिथेही वाढल्याच.

मुक्ता : आकडे हातात हात घालून चालतात, एवढंच यातून कळलं. पगार थांबल्यामुळे एखाद्याचं हृदय बरं चालायला लागतं, असं तर तुम्ही म्हणत नाही ना?

काका : ज्याचा पगार थांबला त्याचं नव्हे. रस्त्यावरच्या, कारखान्यातल्या, गिरणीच्या धुराड्याखाली राहणाऱ्या बाकीच्यांचं बघ. १९३१ मध्ये अमेरिकेत मोटार अपघातांत ३३ हजारांच्या आसपास माणसं गेली. वर्षभरात तो आकडा २९ हजारांवर आला, कारण लोकांनी गाड्या कमी चालवल्या. तेजीत कारखान्यात ओव्हरटाइम असतो, नवखे कामगार असतात, यंत्रांचा वेग वाढवलेला असतो. मंदीत हे सगळं सैल पडतं. धुराचं म्हणशील तर केनेथ चे आणि मायकेल ग्रीनस्टोन यांनी १९८१-८२ च्या मंदीचा अभ्यास केला. ज्या भागांत कारखाने थंडावून हवेतले धूलिकण जास्त घटले, तिथे तान्ह्या मुलांचे मृत्यूही जास्त घटले. २००८ नंतरच्या मंदीबद्दल एमी फिंकेलस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेला निष्कर्षही त्याच वळणाचा आहे : मृत्यूदरातल्या घटीचा एक तृतीयांशाहून मोठा भाग स्वच्छ झालेल्या हवेचा. आणखी एक गंमत सांगतो. ही घट तरुण कामगारांपेक्षा म्हाताऱ्यांमध्ये जास्त दिसते. तेजीत वृद्धांच्या शुश्रूषागृहांना कमी पगारावर माणसं मिळत नाहीत. मंदीत मिळतात, टिकतात, आणि म्हाताऱ्यांकडे लक्ष राहतं.

मुक्ता : म्हणजे कुणाची तरी नोकरी गेली म्हणून दुसऱ्याच्या आजीला परिचारिका मिळाली. हिशेब जुळला खरा, पण तो दोन वेगवेगळ्या घरांतला आहे.

काका : त्यावर येऊच. आधी तुझ्या भागाला जवळचं उदाहरण देतो. अमेरिकेच्या दक्षिणेत पेलाग्रा नावाचा रोग होता. कातडी सोलवटायची, जुलाब लागायचे, शेवटी भ्रम व्हायचा. जोसेफ गोल्डबर्गर यांनी दाखवून दिलं की तो जंतूंचा नव्हे, आहाराचा रोग आहे; मक्याचं पीठ, काकवी आणि चरबी एवढ्यावरच जगणाऱ्यांना तो गाठतो. कूळ आणि बटाईदार दारापर्यंत कापूस लावायचे आणि खायचं ते दुकानातून उधारीवर आणायचे. १९२८-२९ च्या सुमारास पेलाग्राचे मृत्यू शिखरावर होते. मग कापसाचा भाव कोसळला, उधारी बंद झाली, लोकांनी परसात भाजीपाला आणि शेतात धान्य लावलं, रेड क्रॉसने यीस्ट वाटलं, आणि ऐन मंदीत पेलाग्रा ओसरायला लागला.

मुक्ता : कापसाच्या जिल्ह्यात राहून हे ऐकताना माझा जीव वरखाली होतो, पण तुमचा निष्कर्ष मला मान्य नाही. हा मंदीच्या गुणाचा दाखला नाही, एकाच पिकाच्या दोषाचा आहे. आमच्याकडे भाव पडला म्हणून कुणी कपाशी सोडून पालेभाजी लावत नाही. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे त्याला पुढच्या वर्षीही नगदी पीकच घ्यावं लागतं, कारण फेड रोखीत करायची असते. पेलाग्रा हटला तो उधारीची साखळी तुटली म्हणून. ती न तुटता नुसता भाव पडला तर काय होतं, ते विदर्भाने पाहिलंय.

काका : बरोबर. साखळी तोडायला मंदीच यावी लागली, ही शरमेची गोष्ट आहे एवढंच मी म्हणतो.

मुक्ता : आता माझी पाळी. १९३३ मध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने डेट्रॉइट, पिट्सबर्ग, क्लीव्हलंडसारख्या शहरांत आणि काही गिरणी-खाणींच्या वस्त्यांत हजारो कुटुंबांची घरोघर जाऊन पाहणी केली. प्रत्येक घराला विचारलं : १९२९ मध्ये तुमची मिळकत किती होती, आता किती आहे, घरात कोण आजारी आहे? सर्वांत जास्त आजारपण कुठे निघालं? पिढीजात गरिबांकडे नाही. १९२९ मध्ये खाऊनपिऊन सुखी असलेली आणि १९३२ पर्यंत गरिबीत कोसळलेली जी घरं होती, त्यांच्याकडे. देशाचा मृत्यूदर खाली चालला होता तेव्हाच ही घरं अंथरुणाला खिळत होती. तुमच्या सरासरीत ती कुठे दिसतात?

काका : दिसत नाहीत. चारातला एक बेकार झाला तरी तीन कामावर असतात. त्या तिघांच्या आणि त्यांच्या आईबापांच्या घरात मृत्यू थोडे कमी झाले, की चौथ्याचं दुःख सरासरीत बुडून जातं. मी ते नाकारत नाही. डॅनियल सलिव्हन आणि टिल फॉन वाख्टर यांचा पेनसिल्व्हेनियातल्या कामगारांवरचा अभ्यास मी वर्गात शिकवत असे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कारखान्यांतून सामूहिक कपात झाली. वर्षानुवर्षं एकाच ठिकाणी टिकलेल्या ज्या पुरुषांची नोकरी गेली, त्यांचा मृत्यूदर नंतरच्या वर्षात ५० ते १०० टक्क्यांनी जास्त होता. वीस वर्षांनंतरही तो १०-१५ टक्क्यांनी जास्तच राहिला. चाळिशीत नोकरी गेलेल्याचं आयुष्य सरासरी एक ते दीड वर्षाने घटतं, असा त्यांचा अंदाज.

मुक्ता : मग भांडण संपलं की! मंदी मारते.

काका : ज्याच्यावर कोसळते त्याला मारते. समाजाचा एकूण मृत्यूदर ती वाढवतेच असं नाही. ही दोन विधानं एकाच वेळी खरी असू शकतात. लोक एक ऐकतात आणि दुसरं खोटं ठरवतात.

मुक्ता : एकूण मृत्यूदर हेच माप का, हाही माझा प्रश्न आहे. व्हिएन्नाजवळ मारिएन्थाल नावाचं गिरणीचं गाव होतं. मंदीत गिरणी बंद पडली आणि जवळपास सारं गाव बेकार झालं. मारी यहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल यांच्या गटाने तिथे अभ्यास केला. त्यांचं पुस्तक १९३३ मध्ये आलं. रस्त्यावरून माणसं किती वेगाने चालतात, हेसुद्धा त्यांनी मोजलं. पुरुष बायकांपेक्षा सावकाश चालत होते, मध्येच थांबत होते. बायकांना घरची कामं होती, यांना पोचायचंच कुठे नव्हतं. बहुतेक पुरुषांनी घड्याळ वापरणं सोडलं होतं. वेळ हवा तेवढा होता, तरी वाचनालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या घटली होती. यातलं काहीही मृत्यूच्या दाखल्यावर येत नाही. पण ओपीडीत मी अशी माणसं रोज बघते. अंगदुखी, झोप नाही, भूक नाही, आणि तपासणीत काही सापडत नाही.

काका : ते मला मान्य आहे. मृत्यू मोजायला सोपा, म्हणून आम्ही तो मोजतो.

मुक्ता : शिवाय तुमची सगळी उदाहरणं अमेरिकेची. जिथे मोटारीच नाहीत, तिथे मोटार अपघात घटणार कुठून? १९८० च्या दशकाच्या शेवटी पेरूची अर्थव्यवस्था कोसळली. दरडोई उत्पन्न सुमारे ३० टक्क्यांनी घसरलं, आरोग्यावरचा सरकारी खर्च निम्म्याहून खाली गेला. क्रिस्टिना पॅक्सन आणि नॉर्बर्ट शॅडी यांच्या हिशेबाने त्या संकटात सुमारे १७ हजार मुलं जास्तीची दगावली. सोनिया भालोत्रा यांनी १९७० ते १९९७ या काळातल्या भारताचा अभ्यास केला. राज्याचं उत्पन्न घसरलं की ग्रामीण भागात तान्ही मुलं जास्त मरतात, कारण अडचणीच्या वर्षी आई मजुरीला जास्त जाते आणि आजारी मुलाला दवाखान्यात नेणं राहून जातं. आणखी एक मोठा अभ्यास ५९ विकसनशील देशांतल्या १७ लाख जन्मांचा आहे. त्यात दिसलं की उत्पन्न घसरलं की मुलग्यांपेक्षा मुली जास्त दगावतात. सांगा आता, मंदीत बाळं वाचतात की मरतात?

काका : अमेरिकेत वाचतात, तुझ्या तालुक्यात मरतात. आणि कारण एकच आहे. अमेरिकन बाई बेकार झाली की तिला मुलासाठी वेळ मिळतो. तुझ्याकडची बाई मंदीत अधिक राबते. घर पोटापाण्याच्या रेषेच्या वर किती उंचावर आहे, यावर सगळं ठरतं.

मुक्ता : त्या रेषेचं सर्वांत चांगलं उदाहरण माझ्याच व्यवसायातल्या एका माणसाने दिलंय. इंग्लंडमधल्या स्टॉक्टन-ऑन-टीज या गावी जॉर्ज मगॉनिगल नावाचे आरोग्य अधिकारी होते. १९२७ मध्ये तिथली एक झोपडपट्टी पाडून काही कुटुंबांना नव्या, हवेशीर घरांत हलवलं. पाच वर्षांत त्यांचा मृत्यूदर घटायला हवा होता; तो वाढला. जे जुन्या वस्तीत राहिले त्यांचा वाढला नाही. मगॉनिगल यांनी घरोघरचे खर्चाचे हिशेब तपासले. नव्या घराचं भाडं जास्त होतं आणि त्या भागात बेकारी बोकाळलेली. भाडं चुकवायचं नाही म्हणून लोकांनी जेवणात काटछाट केली. खिडकी मोठी झाली, ताट लहान झालं.

काका : ताट लहान होऊ द्यायचं की नाही, हे कोणीतरी ठरवतं. पॉल फिशबॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३० च्या दशकातली अमेरिकेतली ११४ शहरं तपासली. रूझवेल्ट सरकारच्या मदतीच्या योजनांतून जिथे जास्त पैसा गेला तिथे तान्ह्या मुलांचे मृत्यू, आत्महत्या आणि हगवणीसारख्या रोगांचे मृत्यू कमी झाले. म्हणजे १९३३ नंतरही चालू राहिलेल्या घसरणीचा काही भाग मंदीचा नव्हे, मदतीचा आहे.

मुक्ता : आत्महत्यांचंही तसंच. १९९७ मध्ये जपानमध्ये २४,३९१ आत्महत्या झाल्या; आशियाई आर्थिक संकटानंतर १९९८ मध्ये ३२,८६३. हा आकडा ३० हजारांखाली यायला २०१२ उजाडलं. उलट फिनलंडमध्ये १९९० ते १९९३ दरम्यान बेकारी तीन टक्क्यांच्या आसपास होती ती सोळाच्या वर गेली, तरी आत्महत्या घटल्या. तिथे बेकार भत्ता होता, नवं काम शिकवण्याची सोय होती आणि आत्महत्या रोखण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आधीपासून चालू होता. ग्रीसने २००८ नंतर धनकोंच्या अटींवर आरोग्याचा खर्च कापला. तिथे सुईने नशा करणाऱ्यांत एचआयव्हीचे नवे रुग्ण वर्षाला दहा-पंधरा सापडायचे; २०११ मध्ये ते अडीचशेच्या घरात गेले, कारण निर्जंतुक सुया वाटण्याचे कार्यक्रम तोकडे पडले. आपल्याकडे १९७२ चा दुष्काळ आठवा.

काका : आठवायला नको, मी तो पाहिलाय. खडी फोडणारी, पाझर तलावाची माती वाहणारी माणसं, सुकडी, आणि रेशनवरचा तो लाल मिलो. १९७३ च्या मे महिन्यात जवळपास ५० लाख लोक दुष्काळी कामांवर होते. धान्याचं पीक निम्म्याहूनही कमी झालं होतं, तरी लाखोंनी भूकबळी गेले नाहीत. मृत्यू अजिबात वाढले नाहीत असं मी म्हणणार नाही. त्यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण आठवड्याच्या आठवड्याला हातात मजुरी पडत होती, म्हणून व्यापाऱ्याने बाहेरचं धान्य गावात आणलं. त्यातूनच पुढे वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना कायद्यात आली.

मुक्ता : म्हणजे आपण दोघं एकाच जागी आलो. मंदी किती मारते हे मंदीवर नाही, बुडालेली मजुरी आणि माणसाचं शरीर यांच्यामध्ये काय उभं आहे, त्यावर ठरतं.

काका : जवळ आलो, एका जागी नाही. तुझं बोट फक्त मंदीकडे आहे. मला तेजीलाही जाब विचारायचाय. १९४३ च्या बंगालकडे बघ. अमर्त्य सेन यांनी त्याला तेजीतला दुष्काळ म्हटलंय. युद्धाचा पैसा कलकत्त्यात ओतला जात होता, शहरी कामगारांना स्वस्त तांदूळ राखून ठेवला होता, आणि भाव चढल्यामुळे खेड्यातला शेतमजूर आणि कोळी उपाशी मरत होता. वीस ते तीस लाख माणसं गेली. तेव्हा कुणी कारखाना बंद पडला नव्हता. २०२२ च्या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार माणसं गेली. कुठल्याही मंदीने एवढे बळी घेतले असते तर संसद बंद पाडली असती. पण हे मृत्यू वाढीच्या खात्यात जातात म्हणून आपण त्यांना विकासाची किंमत म्हणतो.

मुक्ता : तुमचा मुद्दा मान्य, पण त्यातला धोका बघा. उद्या एखादा अर्थमंत्री म्हणेल, मंदीत मृत्यू घटतात, मग मदतीची घाई कशाला?

काका : त्याला मी सांगेन की मंदीत जे मृत्यू घटले ते टाळता येण्याजोगे होते, एवढंच सिद्ध झालं. वेग कमी, धूर कमी, जादा तास कमी, म्हाताऱ्यांजवळ माणूस जास्त. यातल्या एकाही गोष्टीसाठी मंदी लागत नाही, कायदा आणि पैसा लागतो. ज्या देशाला माणसं वाचवायला कारखाने बंद पडण्याची वाट पाहावी लागते, त्याची तेजी तपासायला हवी.

मुक्ता : तपासणार कशाने? तुमच्या ऑगबर्न-थॉमसकडे १९२२ मध्ये कारणवार मृत्यूंचे आकडे होते. आपल्याकडे २०२० मध्ये नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२ टक्क्यांना डॉक्टरने प्रमाणित केलेलं कारण होतं. माझ्या केंद्राच्या हद्दीत माणूस घरीच दगावतो, ग्रामपंचायतीत नोंद होते. व्यवसायाचा रकाना असतो. त्यात 'शेती' किंवा 'मजुरी' लिहिलं जातं. शेवटची मजुरी कधी मिळाली, हे कुणी विचारत नाही. आपण दोघांनी आत्ता केलेला वाद आपल्याच जिल्ह्याबद्दल करायचा म्हटलं, तर करता येणार नाही.

काका : म्हणून म्हणतो, आधी नोंदी सुधारा. महिन्याला, कारणवार, तालुकावार. त्याशिवाय मंदीचेही मृत्यू दिसणार नाहीत आणि तेजीचेही.

मुक्ता : इथे आपले रस्ते वेगळे होतात, काका. नोंदी सुधाराच. पण आधी मोजू आणि मग देऊ, हा क्रम मला चालणार नाही. १९७२ मध्ये मस्टरवर नाव घालायला कुणी मृत्यूदराच्या तक्त्याची वाट पाहिली नव्हती. मजुरी वेळेवर मिळणं, रेशन चालू असणं आणि केंद्रात औषध असणं, या तीन गोष्टी मंदी असो की तेजी, दोन्हीकडच्या माणसाला लागतात. त्या आधी द्यायच्या. नंतर किती वाचले ते तुम्ही मोजा.

काका : मोजेन. आणि चुकलेलं दिसलं तर तुलाही सांगेन.

मुक्ता : जरूर सांगा. पण तोवर मजुरी थांबवू नका.